पाड्यात पाहुणे बोलवायचेत? आधी ग्रामसभा, मग खोल्या

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या पालघर जिल्ह्यातल्या पट्ट्यातली बरीच पोरं हल्ली विचारतात की आमच्या पाड्यात होमस्टे सुरू करायचंय, वारली पेंटिंग आहे, तारपा आहे, पावसात धबधबे आहेत, मुंबई-नाशिकची लोकं वीकेंडला गाड्या भरभरून येतातच, तर सुरुवात कुठून करायची. आणि जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न खोल्यांचा असतो. किती खोल्या बांधू, टाइल्स लावू का, कमोड बसवू का, कर्ज मिळेल का. माझं म्हणणं सरळ आहे, खोली सगळ्यात शेवटी. आधी पाड्याने एकत्र बसून ठरवायचं की पाहुण्याला काय दाखवायचं, काय अजिबात दाखवायचं नाही, आणि आलेला पैसा कोणाकोणाच्या हातात जाणार. हे न ठरवता सुरू केलं की होतं काय, एका घराचं रिसॉर्ट होतं आणि बाकीचा पाडा तिथे भांडी घासायला आणि शनिवारी नाचायला जातो. तसं करायचं नसेल तर पुढचं वाचा.

ग्रामसभेत बसा, आणि बायकांना पुढे बसवा

आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे आपल्याला आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू होतो, कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्या नियमांप्रमाणे एखादा पाडासुद्धा स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. ज्यांनी ते करून घेतलंय त्यांचं काम सोपं आहे, ज्यांनी नाही केलं त्यांनी निदान पाड्याची बैठक घेऊन ठराव लिहावा आणि मोठ्या ग्रामसभेत मांडावा. ठराव तोंडी नको. वहीत लिहा, तारीख टाका, सह्या-अंगठे घ्या, म्हणजे उद्या कोणी बाहेरचा येऊन "मी तुमच्या सरपंचाशी बोललोय" म्हणाला की वही उघडून दाखवता येते.

बैठकीत पुरुष बोलतात आणि पाहुण्यांचं काम मात्र बायका करतात, असं सगळीकडेच होतं. स्वयंपाक त्यांचा, सारवण त्यांचं, पाणी त्यांनी आणायचं, रात्री उशिरापर्यंत जागायचं आणि पहाटे चहासाठी उठायचं तेही त्यांनीच. म्हणून किती पाहुणे झेपतील हा आकडा बायकांनीच सांगायचा. चाळीस घरांच्या पाड्याला एका रात्री दहा-बारा पाहुणे ठीक आहेत, त्याच्या वर गेलं की पाडा पाड्यासारखा राहत नाही. आणि एकदा आकडा ठरला की ३१ डिसेंबरलाही तोच, १५ ऑगस्टलाही तोच.

जमिनीचं आत्ताच सांगून टाकतो कारण हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमची जागा चांगली आहे, दरी दिसते, झरा आहे, असं कळलं की शहरातून "पार्टनर" येणारच. तो म्हणेल पैसा माझा, जागा तुमची, फक्त तीस वर्षांचा करार करून टाकू. सही करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आहे, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं तर सोडाच, गहाण किंवा भाडेपट्ट्यानेसुद्धा सरकारी परवानगीशिवाय देता येत नाही. हा कायदा तुमच्या बाजूने आहे, तो पोरांना नीट समजावून सांगा. आणि समोरचा नोटरीच्या कागदावर काहीतरी लिहून घेत असेल तर आधी तो कागद तलाठ्याला आणि एखाद्या ओळखीच्या वकिलाला दाखवा.

काय दाखवायचं नाही, त्याची यादी आधी

दाखवण्यासारखं काय आहे ते सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे बैठकीत पहिल्यांदा उलटी यादी करा. देवाची कुठली जागा पाहुण्यांना बंद, वाघोबाचं ठाणं लांबून बघायचं की जवळ जायचं, भगत कामाला बसला असेल तेव्हा कोणी मोबाइल काढायचा की नाही, मयताच्या घरापाशी, बाळंतिणीच्या घरापाशी काय करायचं. हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, पोरांना यातलं निम्मं माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर या निमित्ताने पोरं आपल्या आजीशी तासभर बोलत बसतात हा मला या सगळ्या उद्योगातला मोठा फायदा वाटतो.

लग्नाच्या चौकाचं बघा. आपल्याकडे लग्नघरात गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी, सुवासिनी बसून लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ते लग्नाचं काम आहे, शनिवारच्या ग्रुपला "लाइव्ह डेमो" म्हणून करून दाखवायची गोष्ट नाही. पाहुण्यांना चित्र शिकवायचंच असेल तर जरूर शिकवा, पण कापडावर, कागदावर, नाहीतर त्यासाठीच सारवून ठेवलेल्या वेगळ्या भिंतीवर. वाटीत पातळ कालवलेलं तांदळाचं पीठ, टोकाला चावून चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि पहिला तास फक्त दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करायला. पाहुणे त्यातच रंगून जातात, काडी कशी फिरवायची, पीठ किती पातळ हवं, हात का थरथरतो, सगळं विचारतात. चौकाची गोष्ट तोंडी सांगा. पूर्वी हे चित्र बायकाच लिहायच्या, सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणि पांढरा रंग आणून दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं जगभर गेली, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१४ ला वारली चित्रकलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं पाड्यातल्या प्रत्येक वाटाड्याला सांगता आलं पाहिजे. गूगल बघून नाही, तोंडपाठ.

तारप्याचंही तसंच. सुकवलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा न थांबता फुंकत राहतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्या मागे गोल फिरतात आणि तारप्याकडे पाठ होऊ देत नाहीत. हे ऐकायला लोकं लांबून येतील. पण तारपा बारा महिने वाजवायचं वाद्य नाही, नवं धान्य यायला लागल्यापासूनचे दिवस त्याचे. जुनी माणसं पेरणीच्या आणि आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या, दिवसांत तारपा काढू देत नाहीत. त्यांचं म्हणणं मोडून जुलैच्या वीकेंडला नाच ठेवू नका. जुलैत येणाऱ्याला सांगा की आत्ता तारपा नाही, आत्ता आवणी आहे, चिखलात उतरायचं असेल तर या. उतरणारे उतरतात, आणि त्यांना आयुष्यभर आठवण राहते. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखा तारपकरी एका आयुष्याच्या रियाजावर उभा असतो, त्यामुळे तारपकऱ्याचं मानधन नाचणाऱ्यांपेक्षा जास्त असावं आणि ते कार्यक्रम झाल्या झाल्या हातात द्यावं.

आणि एक कळकळीची विनंती. पाहुण्यांसाठी मुद्दाम लंगोट नेसवून, डोक्याला पिसं लावून कोणालाही उभं करू नका. आपण रोज जे घालतो ते घालायचं, टी-शर्ट तर टी-शर्ट. सणाला बायका गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसतात ते सणाला दिसेलच.

कधी बोलवायचं

इथे बरेच जण फसतात. शहरातल्या माणसाला यायचे असतात ते दिवस म्हणजे पावसाळ्यातले वीकेंड आणि हिवाळा. पावसाळ्यात आपण शेतात असतो, आणि दिवाळी झाली की निम्मा पाडा कुलपं लावून वीटभट्टीवर, भिवंडी, वसई, कुठे कुठे निघून जातो तो होळीला नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर परत येतो. म्हणजे ज्या डिसेंबर-जानेवारीत पाहुणे यायला तयार असतात तेव्हा तारपा वाजवणारे भट्टीवर विटा थापत असतात. म्हणून कॅलेंडर मांडताना कोण कधी घरी असतं ते आधी मांडा. हे पर्यटन सुरू झालं म्हणून भट्टीला जाणं लगेच बंद होईल असं कोणाला सांगू नका, ते खोटं आहे. पण पाच-सात घरं जरी हिवाळ्यात थांबू शकली, आणि त्यांची पोरं मधेच शाळा सोडून भट्टीवर गेली नाहीत, तर एवढ्यासाठीसुद्धा हे करण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीची घरं निवडताना हाच निकष लावा, ज्याच्याकडे आधीच किराणा दुकान आणि जीप आहे त्याच्याकडून सुरुवात नको.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. भात कापणी-झोडणी, वाघबारस, दिवाळी, नवी नागली म्हणजे नाचणी. शेवळं आणि बाकीच्या रानभाज्या खायच्या असतील तर पावसाचे पहिले आठवडे, तेव्हा पाहुणे कमी घ्या पण दर जास्त ठेवा. होळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो, रात्रभर मुखवटे नाचतात. तो गावाचा उत्सव आहे, त्याला पाहुणा येऊ शकतो, पण त्याची तारीख पाहुण्यासाठी हलवायची नाही.

एप्रिल-मे शक्यतो बंदच ठेवा. एवढा पाऊस पडणारा आपला भाग, पण उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि बायका पहाटे रांगेत हंडे लावतात. शहरातला एक पाहुणा सकाळी आंघोळीला दोन बादल्या, संडासला एक, हात-पाय धुवायला अर्धी वापरतो. दहा पाहुणे म्हणजे पस्तीस बादल्या, आणि त्या डोक्यावरून कोण आणणार ते तुम्हाला माहीत आहे. ज्या महिन्यात पाणी कमी त्या महिन्यात पाहुणे नाहीत, एवढा नियम ठरावात लिहून टाका. बाकीच्या महिन्यांतही माणशी आंघोळीला एक बादली गरम पाणी, असं येण्याआधीच सांगायचं, आणि पाणी भरणाऱ्या बाईला त्याचे वेगळे पैसे.

पैशांची वाटणी

समजा एक रात्र, चार वेळचं खाणं-चहा, वाटाड्या, चित्र किंवा तारपा धरून माणशी १,८०० रुपये घेतले. माझं सुचवणं असं की त्यातले ९०० यजमान घराला, २५० वाटाड्याला, २५० कलाकारांना, १५० पाणी-सफाई-लाकडाला आणि २५० पाड्याच्या फंडाला. आकडे तुमच्याकडच्या खर्चाप्रमाणे बदला पण हे पाच वाटे असेच ठेवा, आणि ही वाटणी पाहुण्यांनाही सांगा. कुठला पैसा कुठे जातो हे कळलं की घासाघीस आपोआप कमी होते.

घरांची पाळी लावा. शाळेच्या वहीत क्रमाने नावं, आज ज्याच्याकडे पाहुणे गेले तो यादीच्या शेवटी. पाहुणा म्हणाला मला मागच्याच घरी राहायचंय, त्यांच्याशी ओळख झालीय, तरी पाळी मोडायची नाही, जेवायला एकदा तिकडे जाऊ दे. पाळी मोडली की भांडणं सुरू, मग दोन गट, मग दोन बोर्ड.

बँक खातं शक्यतो महिला बचत गटाचं वापरा नाहीतर समितीचं नवीन काढा, दोन सह्या लागतील असं, आणि त्यातली एक सही बाईची. क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा, वाटाड्या पोराच्या स्वतःच्या मोबाइलचा नको. रेंज नसते म्हणून थोडा आगाऊ भरणा बुकिंगच्या वेळीच घ्या, निम्मा तरी, नाहीतर ऐनवेळी कॅन्सल होतं आणि कापलेली कोंबडी घरच्यांनाच खावी लागते.

आता खोली

वेगळी खोली बांधायची गरजच नाही बहुतेक वेळा. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं उन्हात गार असतात आणि पाहुणे त्यासाठीच येतात. स्लॅब आणि टाइल्स त्यांच्या घरी आहेत. त्यांना हवी असते स्वच्छ चटई-गादी, धुतलेली चादर, मच्छरदाणी, रात्री उठायला एक दिवा आणि कपडे बदलायला आडोसा. या सगळ्यावर जो खर्च करायचा तो करा आणि उरलेला सगळा संडासवर करा. खरंच सांगतो, जेवण थोडं तिखट झालं तर चालतं, पण संडास खराब असेल तर पाहुणा परत येत नाही आणि बायकांचा ग्रुप तर नाहीच. दोन खड्ड्यांचा साधा संडास, आतून लागणारी कडी, लाइट नसेल तर सोलर दिवा, बादली-मग, साबण, झाकणाचा डबा. घरातल्या लोकांनीही तोच वापरायचा, पाहुण्यांसाठी कुलूप लावून वेगळा ठेवायचा नाही.

जेवणात हॉटेलची नक्कल करू नका. पनीर आणायला जव्हारला गाडी पाठवायची काही गरज नाही. नागलीची भाकर, उडदाचं वरण, भात, लाल मिरचीची चटणी, कोणी खात असेल तर सुकट नाहीतर गावठी कोंबडी, झालं. तेल कमी, तिखट थोडं हात राखून, आणि प्यायचं पाणी उकळलेलंच. लहान मुलांसाठी थोडं दूध-साखर हाताशी ठेवा. चुलीपाशी बसून भाकर थापू दिली पाहुण्यांना तर उत्तम, नागलीचं पीठ उकड काढून मळायचं असतं हे न सांगता दिलं तर भाकर हातातच तुटते, तेव्हा ते आधी दाखवा. दारूबद्दल ठरावात स्पष्ट लिहा. मोहाची विकायची नाही, ते कायद्यात बसत नाही, आणि पिऊन आलेल्या ग्रुपला रात्री आवरणं पोरांच्या जिवावर येतं. बाहेरून आणून प्यायची पण नाही असं ठेवलंत तर बायका तुम्हाला दुवा देतील.

कागदपत्रं थोडक्यात. खाणं विकताय म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. होमस्टेची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे करा. पोलीस ठाण्यात एकदा जाऊन सांगा, पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा, आधार किंवा लायसन्स बघून नाव-गाव-फोन लिहा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. रानात घेऊन जायचं असेल तर वनविभागाशी आधी बोला. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी २०२३ चं 'आई' धोरण आहे, त्यात कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो, बचत गटाने त्याची चौकशी करावी, पण पहिल्या वर्षी कर्ज काढूच नये हे माझं मत. आणि साप-विंचू चावला तर थेट दवाखान्यात न्यायचं, रात्री कोणाची गाडी निघणार ते नाव आणि नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पहिले पाहुणे कोण

अनोळखी लोकांना एकदम बोलवू नका. शाळेचे गुरुजी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, बँकेतले कर्मचारी, यांना एक रात्र राहायला बोलवा, पैसे थोडे का होईना पण घ्या, आणि सकाळी समोर बसवून विचारा काय आवडलं नाही. गोड बोलू नका म्हणून सांगा. मग मुंबई-नाशिकच्या कॉलेजचे ग्रुप, आर्किटेक्चर आणि आर्टची मुलं, ती घर कसं बांधलंय ते मोजत बसतात आणि तक्रारी कमी करतात.

त्याच्याही आधी जमलं तर एखादं चाललेलं गाव बघून या. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी जवळ आहे, महादेव कोळी समाजाचं गाव, मे-जूनमध्ये काजवे बघायला लोकं जातात आणि गावकऱ्यांच्या घरीच राहतात-जेवतात. लांब जायची तयारी असेल तर कच्छच्या बन्नीतलं होडका, तिथे शाम-ए-सरहद नावाचा भुंग्यांचा, म्हणजे तिकडच्या गोल मातीच्या घरांचा, मुक्काम गावाची समिती चालवते. बघायला जाताना समितीच्या अध्यक्षाला आणि त्याच्या मित्राला पाठवू नका, स्वयंपाक करणाऱ्या दोघी आणि हिशेब लिहिणारी एक, अशा तिघींना पाठवा. त्या बरोबर प्रश्न विचारतात. गॅस लागतो का, चादरी कोण धुतं, पैसे किती दिवसांनी मिळतात.

जाहिरातीला फार काही लागत नाही. गूगल मॅपवर पिन, एक व्हॉट्सॲप नंबर जो दोन जणी आळीपाळीने सांभाळतील, आणि एक मेसेज जो बुकिंग करणाऱ्या प्रत्येकाला जाईल. त्यात लिहा: बादली एक, दारू नाही, स्पीकर नाही, फोटो विचारून, मुलांना चॉकलेट-पैसे वाटू नका, द्यायचंच असेल तर फंडात द्या, प्लास्टिक परत घेऊन जा, बोलायला आम्हाला आवडतं तेव्हा वेळ काढून या. हा मेसेज वाचून जे येणार नाहीत ते न आलेलेच बरे. टूर कंपनी आली तर काम द्या पण लेखी, माणशी किती आणि कधी देणार ते ठरवून, आणि पाहुण्याकडून ते स्वतः किती घेतात हेही विचारून घ्या. सांगत नसतील तर नको.

मुलांचं जरा जास्त बघा. पाहुणे आले की लहान पोरं शाळा सोडून मागे फिरतात, कोणी दहा रुपये देतं, मग पुढच्या गाडीमागे धावतात. एकदा ती सवय लागली की मोडणं कठीण. शाळेच्या वेळात पाहुणे शाळेकडे फिरकणार नाहीत एवढं वाटाड्याने सांभाळायचं.

वर्षाचा हिशेब मिरग लागायच्या आधी, भट्टीवरची माणसं परत आली की, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. किती पाहुणे, कोणत्या घराला किती, फंडात किती जमले आणि ते कशावर खर्च करायचे. आपल्या भागात मला तरी फंडाचा पहिला खर्च पाण्यावर झालेला आवडेल, विहिरीचा गाळ काढणं, टाकी, पाइप, जे लागेल ते. त्याच बैठकीत नवीन घरं यादीत घ्या, ज्यांना जमलं नाही त्यांना बिनबोभाट बाहेर पडू द्या, दर बदलायचा तर तिथेच बदला. आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका म्हणाल्या की यंदा फार झालं, पुढच्या वर्षी महिन्यातून दोनच शनिवार घ्या, तर वहीत दोन लिहा.